नोंद सापडली नाही

आबा घरातून गेले त्या सकाळी परेश अंघोळीला गेला होता आणि विनया मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. दाराची वरची कडी लावायची राहून गेली होती. विनया आत आली तेव्हा पंखा फिरत होता, अर्धा चहा कपात तसाच होता आणि दाराजवळच्या आबांच्या चपला नव्हत्या.

आबा म्हणजे परेशचे वडील, दिनानाथ. मूळचे वसई पश्चिमेच्या पापडी गावचे. उभा जन्म नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर नोकरी केली आणि नोकरीच्या आधी नि नंतर घरामागच्या वाडीत राबले. केळी, थोडी पानवेल, कडेला सोनचाफा. पुढे परेशची आई गेली, चुलत्यांनी वाडीतला आपापला वाटा विकला, आणि परेशनं आबांना वसई पूर्वेच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं मन काही रमलं नाही. मग हळूहळू विसर पडायला लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, मग सुनेचं नाव. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि दाराला उंचावर एक कडी बसवून घ्या म्हणाले. पापडी मात्र आबा विसरले नाहीत. रोज सकाळी चहा झाला की उठून उभे राहायचे.

"जरा पापडीला जाऊन येतो. वाडीला पानी सोडायचं रायलंय."

"आबा, आज सुट्टी आहे तुम्हाला," असं विनया म्हणायची, आणि तेवढ्यानं ते परत बसायचे.

वॉचमननं त्यांना मोठ्या रस्त्याकडे जाताना पाहिलं होतं. परेश ओल्या केसांनीच स्कूटरवर बसला. रिक्षा स्टँड, बस थांबा, भाजी मार्केट सगळं पालथं घालून तो उड्डाणपुलावरून पश्चिमेला गेला आणि थेट पापडी गाठली. आबांचा बालमित्र स्टॅनी आपल्या घराच्या ओट्यावर बसला होता. आबा तिकडे पोचले नव्हते.

"तो येनार तर इथंच येनार," स्टॅनीअंकल म्हणाले. "मी रस्त्यावरून नजर काढत नाय. तू बाकीचं बघ."

दुपारी पोलीस चौकीत तक्रार दिली. हवालदार माणूस बरा होता. त्यानं आबांचं वय, रंग, उंची, अंगावरचे कपडे सगळं नीट विचारून घेतलं आणि लगेच समोरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. परेशला खुर्चीतूनच पडद्याचा निळा मथळा ओळखू आला.

"आम्हीपण आता 'सोबत'वरच बघतो," हवालदार म्हणाला. "पूर्वी एकेका हॉस्पिटलला फोन करत बसायचो. हे बघा, इथं नाहीये. म्हणजे कुठं ॲडमिट नाही झालेले. बसले असतील कुठल्यातरी देवळात, येतील."

परेशनं मान हलवली. ही साइट आपणच उभी केली आहे हे तो बोलला नाही, पण तसल्या घालमेलीतही आपलं काम पोलीस चौकीपर्यंत पोचल्याचं त्याला क्षणभर बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस त्याला या एका क्षणाची सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

'सोबत' ही हेमांगीताईंची संस्था. त्या शाळेत शिकवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ एकदा कामावर गेला तो परत आलाच नाही. घरचे महिनाभर वणवण फिरत होते आणि तो ठाण्याकडच्या एका शवागारात बेवारस म्हणून पडून होता. निवृत्त झाल्यावर ताईंनी हेच काम हाती घेतलं. वसई-विरारपासून पालघर, भिवंडीपर्यंतच्या लहानमोठ्या रुग्णालयांत त्या स्वतः गेल्या, परिचारिकांशी बोलल्या. ओळख न पटलेला रुग्ण आला की मोबाइलवरून त्याची माहिती भरायची: वय, कपडे, अंगावरच्या खुणा, आणि माणूस जे काही बरळत असेल ते. घरच्यांनी कुठूनही एखादा शब्द टाकायचा आणि जुळणाऱ्या नोंदी बघायच्या.

ही शोधायची बाजू परेशची. मुंबईतल्या एका कंपनीचे सर्व्हर तो घरी बसून सांभाळायचा, ते त्याचं पोटापाण्याचं काम. 'सोबत'साठी त्यानं भाड्याच्या एकाच मशीनवर सगळा संसार मांडला होता. माहिती साठवणारा प्रोग्रॅम एका कंटेनरमध्ये आणि शोध घेणारा दुसऱ्या. कंटेनर म्हणजे बंद डबाच. प्रोग्रॅमला लागेल ते सगळं त्याच्या डब्यात, शेजारच्याशी संबंध नाही, आणि बिघडला तर फेकून तसाच दुसरा उघडायचा. शोधाचा सर्व्हर आलेल्या प्रत्येक नोंदीतला शब्द न् शब्द सुटा करून आपली सूची बनवायचा, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. म्हणून कुणी नुसतं 'गोंदण' टाकलं तरी गोंदण असलेली सगळी माणसं डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर यायची. लोकांच्या बोलीतले 'गोंदन' आणि 'पानी'सुद्धा चालावेत म्हणून परेशनं सुट्टीचे कित्येक दिवस घातले होते. पहिल्याच वर्षी माणसं सापडायला लागली. नालासोपाऱ्याची एक मुलगी, सातपाटीचा एक म्हातारा. हेमांगीताई प्रत्येक वेळी परेशला फोन करून सांगायच्या, आणि तो दिवस त्याचा चांगला जायचा.

त्यामुळे त्या सोमवारी घरी आल्यावर त्यानं पहिलं काय केलं असेल तर लॅपटॉप उघडला. दिनानाथ. आबा. पांढरा सदरा, खाकी अर्धी विजार. उजव्या भुवईवर जुना व्रण. प्रत्येक वेळी खाली तेच उत्तर येत होतं: नोंद सापडली नाही.

"पापडी टाकून बघ," विनया मागे उभी राहून म्हणाली. "नाव नाही सांगता आलं तरी पापडीचं नाव घेतीलच ते."

त्यानं 'पापडी' टाकलं. एक जुनी नोंद आली, कुठल्यातरी बाईची, दोन वर्षांपूर्वीची. बाकी काही नाही. मशीनच्या तब्येतीचा तक्ताही त्यानं पाहिला. दोन्ही कंटेनर चालू, दोन्हींपुढे हिरवा ठिपका.

"कुठल्या हॉस्पिटलात नाहीत," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडी सुटका होती.

मंगळवारी विनयानं ऑफिसातून रजा घेतली. तिचं म्हणणं साधं होतं. दोघांनी दिशा वाटून घ्यायच्या आणि रुग्णालयं स्वतः जाऊन बघायची. परेशला ते पटलं नाही.

"अगं, आपल्या भागातली जवळजवळ सगळी हॉस्पिटल्स जोडलेली आहेत. कुणीही आला की तासाभरात नोंद होते. तिथं जाऊन तू वेगळं काय बघणार? त्यापेक्षा रस्ते बघू, देवळं बघू, स्टेशनं बघू. ते कुठंतरी बसून असणार."

"एखादी नर्स विसरली असेल भरायला."

"एखादी विसरेल. पण मी दर अर्ध्या तासानं बघतोय ना."

या विषयातलं त्याला जास्त कळतं, असं विनयानं धरलं. नाशिकहून धाकटी बहीण ज्ञानदा रडत फोन करत होती. मी निघते, आपण सगळे मिळून शोधू म्हणाली. परेशनं तिलाही थांबवलं. तुझी मुलं लहान आहेत, इथं येऊन तू काय करणार, सिस्टीमवर माझं बारीक लक्ष आहे, काही आलं की लगेच कळवतो. हेमांगीताईंनी एकदा विचारलं, "मी दोन-चार ठिकाणी फोन करून बघू का रे?" त्यांनाही त्यानं तेच उत्तर दिलं. ताईंनी आपल्या पोराचं ऐकावं तसं त्याचं ऐकलं.

बुधवार, गुरुवार असेच गेले. परेश स्कूटर घेऊन निघायचा, वसई गावातला होळी नाका, किल्ल्याकडचा रस्ता, खाडीच्या कडेची मिठागरं, नायगाव. आबांचा फोटो दुकानादुकानांत दाखवायचा, आणि मध्येच रस्त्याच्या कडेला थांबून मोबाइलवर शोध घ्यायचा. ऊन मी म्हणत होतं. ऑफिसात त्यानं कळवलं होतं, त्यामुळे मेल उघडायचा प्रश्नच नव्हता; चारशे-पाचशे मेल न वाचता साठले होते आणि त्यांच्याकडे बघायची त्याला इच्छाही नव्हती. पापडीला तो रोज एक फेरी मारायचा. स्टॅनीअंकल ओट्यावरच असायचे. त्यांच्या बायकोनं, थेरेसाआंटीनं, दुसऱ्या दिवसापासून आबांसाठी रोजची प्रार्थना सुरू केली होती. ती परेशला बळेबळे पाव आणि चहा द्यायची, आणि तो उभ्यानंच संपवून पुढे निघायचा.

शुक्रवारी रात्री जेवताना विनयानं ताटावरून हात उचलला.

"मी उद्या कामणच्या बाजूला जाऊन येते. मला ना म्हणू नकोस."

"कामणला कशाला? पापडी इकडे पश्चिमेला आणि कामण..."

"त्यांना पूर्व-पश्चिम कळत होती का परेश? आपल्या थांब्यावर पहिली जी बस येते ती कामणकडेच जाते. समोर बस उभी राहिली की ते चढले असतील."

ही गोष्ट अगदी सरळ होती. तरी परेशनं सवयीनं मोबाइल काढला आणि तिच्यासमोरच आणखी एकदा शोध घेतला. नोंद सापडली नाही. विनयानं त्या पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तिचा फोन आला. परेश तेव्हा स्टेशनबाहेर उभा होता.

"परेश, ये तू. भिवंडी रोडला, गोदामांच्या पुढं एक धर्मादाय हॉस्पिटल आहे. आबा आहेत."

"कसे आहेत?"

"गेले. काल सकाळी." मग ती म्हणाली, "इतके दिवस इथंच होते."

तो तिथे कसा पोचला हे त्याला नंतर आठवलं नाही. विनया फाटकाशी उभी होती. ती रडली होती, पण आता तिचा चेहरा कोरडा होता. तिनं त्याचा हात धरला नाही. मागच्या बाजूच्या थंड खोलीत आबांवरची चादर बाजूला केली गेली. डोक्याला पट्टी, गालफडं बसलेली, दाढीचे पांढरे खुंट. घरात आबांची दाढी परेश एक दिवसाआड करून द्यायचा. त्यानं भुवईवरच्या व्रणाला बोट लावलं आणि तिथेच खाली बसला.

वॉर्डातली परिचारिका त्यांना भेटायला आली. खुशी तिचं नाव, वय पंचविशीचं, नंदुरबारकडून इथे नोकरीला आलेली. तिनं घडलेलं सगळं सांगितलं. सोमवारी दुपारी दोन ट्रकवाल्यांनी आबांना आणलं. गोदामापाशी रस्ता ओलांडताना टेम्पोचा धक्का लागला होता. डोक्याला मार होता, पण शुद्ध होती. नाव विचारलं की नुसते हसायचे. पहिले दोन दिवस बरे वाटत होते, मग ताप चढला आणि उतरलाच नाही.

"बोलायचे का काही?" परेशनं विचारलं.

"एकच बोलायचे. पापडी, पापडी. मला वाटलं, खायला मागतायत." खुशी खाली बघून बोलत होती. "इथला स्टाफ बहुतेक बाहेरचाच आहे. पापडी नावाचं गाव आहे हे मला आज मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं. मी त्यांना समोरच्या दुकानातून पापडीचं पाकीट आणून दिलं होतं. त्यांनी हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही. मला म्हणाले, पानी दे. मी ग्लास पुढं केला तर तो पण नको म्हणाले."

"तुम्ही 'सोबत'वर नोंद नाही केली?" त्याच्या आवाजाला नकळत धार आली होती.

"केली ना सर. आल्या आल्याच केली. संध्याकाळी फोटोपण टाकला." तिनं आपला मोबाइल पुढे केला. "आम्ही वाट बघत होतो कुणी येईल म्हणून. चौकीवर पण कळवलं, पण इथली चौकी वेगळी ना. ते म्हणाले, घरच्यांनी साइटवर बघितलं की येतील."

मोबाइलवर पावती होती. सोमवार, दुपार. वृद्ध पुरुष, पांढरा सदरा, खाकी अर्धी विजार, उजव्या भुवईवर जुना व्रण, सतत पापडी मागतात. त्याखाली हिरव्या अक्षरात: माहिती जमा झाली. ते हिरवं वाक्य परेशनंच लिहिलेलं होतं.

विनया पोलिसांच्या कागदपत्रांसाठी आत गेली. परेश बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असेल, काय माणूस आहे, बाप आत पडलाय आणि हा कॉम्प्युटर उघडतोय. त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मशीनची डिस्क जवळजवळ काठोकाठ भरली होती. आधीच्या आठवड्यात शोध संथ चालतोय अशी तक्रार आली होती. कारण कळावं म्हणून परेशनं शोधाच्या कंटेनरला बारीकसारीक प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायला लावलं होतं. कारण सापडलं, दुरुस्ती झाली, आणि ते लिहिणं बंद करायचं राहून गेलं. कंटेनर बिचारा लिहीतच राहिला. त्या लिखाणावर मर्यादाही घातलेली नव्हती. रविवारी रात्री जागा संपत आली. अशा वेळी शोधाचा सर्व्हर जुन्या माहितीला धक्का लागू नये म्हणून आपली सूची कुलूपबंद करतो. असलेलं दाखवतो, नवीन घेत नाही. माहिती साठवणारा डबा मात्र थोड्या उरलेल्या जागेत अजून नोंदी घेत होता आणि प्रत्येकाला 'जमा झाली' म्हणून सांगत होता. हिरव्या ठिपक्यानं विचारलं होतं एवढंच, की तू जिवंत आहेस का. त्याला दोन्ही कंटेनरनी हो म्हटलं होतं.

मग त्यानं मेल उघडले. भाड्यानं मशीन देणाऱ्या कंपनीचे इशारे त्याच न वाचलेल्या ढिगात सोमवारी पहाटेपासून येऊन पडले होते, एकाखाली एक.

त्यानं ते फुगलेलं लिखाण पुसून टाकलं. जागा मोकळी झाली, कुलूप उघडलं, आणि बाहेर खोळंबलेल्या नोंदी सूचीत शिरायला लागल्या. त्यानं शोधाच्या चौकटीत 'पापडी' टाकलं. आबांची नोंद सगळ्यात वर आली. फोटोत आबा उशीला टेकून बसले होते आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

विनया कागद घेऊन बाहेर आली तेव्हा त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि काय झालं ते सांगितलं. काहीच लपवलं नाही. तिनं फोटो बराच वेळ बघितला.

"म्हणजे मंगळवारी आपण आलो असतो तर बोलले असते आपल्याशी," ती म्हणाली.

"हो."

"बरं," असं म्हणून तिनं कागद पिशवीत ठेवले. गाडीची व्यवस्था बघायला हवी होती.

संध्याकाळी पापडीच्याच स्मशानात आबांना अग्नी दिला. ज्ञानदा नाशिकहून थेट तिथे पोचली. स्टॅनीअंकल शेवटपर्यंत उभे होते. परेशच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शोधायला तू काय कमी नाय केलंस बाबा." परेशला तो हात झटकून टाकावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी, घरात लोक भेटायला येत असताना, तो उठून हेमांगीताईंकडे गेला. आपल्यासारखे आणखी किती, हा प्रश्न त्याला झोपू देत नव्हता. ताईंना त्यानं सगळं सांगितलं. त्या भिंतीवरच्या भावाच्या फोटोखाली बसल्या होत्या.

"परेश, मला तुझं सांत्वन करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मी पण विचारून गप्प बसले. मशीन नव्हतं तेव्हा मी स्वतः फोन लावायचे, आणि समोरची नर्स दमली असली तरी मला उत्तर द्यायची. ते मी कधी बंद केलं, मला आठवत नाही." मग त्यांनी फोन पुढे ओढला. "त्या दिवसांत कुणी कुणी शोधलं होतं, बघ. प्रत्येकाला सांगू या."

त्या आठवड्यात अडकलेल्या नोंदी आणि त्याच दिवसांत चौकशी केलेली घरं, दोन्ही समोरासमोर ठेवून ते दुपारभर जुळवत बसले. काही माणसं आपापली घरी पोचली होती. एका बाईला तिच्या भावानं रुग्णालयातच शोधून काढलं होतं. अर्नाळ्याच्या एका म्हातारीची नोंद होती, तीसुद्धा गेली होती. तिच्या मुलाला हेमांगीताईंनी स्वतः फोन केला आणि परेशला बाहेर जाऊन बसायला सांगितलं.

एक फोन परेशनं केला. कामणजवळच्या पाड्यावरची जिजा नावाची बाई. तिचा नवरा धर्मा गोदामात हमाली करायचा. मंगळवारी कामावरून घरी आलाच नव्हता. पालघरकडच्या एका रुग्णालयात त्याच्यासारख्या माणसाची नोंद पडून होती; अपघात झालेला, बोलता न येणारा, हातावर 'जिजा' असं गोंदण. परेशनं पत्ता सांगितला. ती फोन ठेवून तशीच निघाली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला.

"सायेब, तोच हाय. माजा मानूस हाय. पाय कापला त्याचा, पन जित्ता हाय. मला वळखलं त्यानं." ती हुंदके देत होती. "तुमी देवासारके धावलात बगा."

परेशला ते ऐकवेना.

"ताई, ऐका. तो तिथं पहिल्या दिवसापासून होता. तुम्ही बुधवारी शोधलंत ना, तेव्हाच दिसायला हवा होता. दिसला नाही, कारण माझ्या हातून चूक झाली. मशीन मी सांभाळतो."

पलीकडे वॉर्डातला गलका ऐकू येत होता.

"आदी आले असते तर पाय रायला असता का?"

"मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारा. पण विचारा जरूर."

"इचारते," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. तिनं विचारलं का, डॉक्टर काय म्हणाले, हे परेशला कधी कळलं नाही. हेमांगीताई पुढे तिच्या घरी जात राहिल्या. तो गेला नाही. दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा गोदामांपासून मागे फिरला.

त्यानं 'सोबत'मध्ये जे करायला हवं होतं ते सगळं केलं. कंटेनरच्या लिखाणाला मर्यादा घातली, जागा कमी झाली की थेट फोन वाजेल अशी सोय केली, आणि दर तासाला एक खोटी नोंद आत टाकून ती शोधात सापडते का हे तपासणारा प्रोग्रॅम लिहिला. अर्ध्या दिवसाचं काम होतं. उत्तराच्या जागी आता लिहिलेलं असे की इथे न दिसणारा माणूसही रुग्णालयात असू शकतो, स्वतः जाऊन बघा. मग मशीनच्या सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, त्यानं ताईंनी आणलेल्या दुसऱ्या एका माणसाच्या हवाली केल्या. ताईंनी त्याला थांब म्हटलं नाही.

तेराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर ज्ञानदानं त्याला आतल्या खोलीत बोलावलं. विनयाकडून तिला बहुतेक कळलं होतं. तरी ती म्हणाली, "मला तुझ्या तोंडून ऐकायचंय." त्यानं सांगितलं. डिस्क, कुलूप, हिरवा ठिपका, न वाचलेले मेल.

"मशीन बिघडतं रे," शेवटी ती म्हणाली. "त्याचं मला काही नाही. मी तुला विचारलं होतं, येऊ का म्हणून. मी आले असते तर गावभर फिरले असते वेड्यासारखी. मला तुझी सिस्टीम कळत नाही, मी प्रत्येक दारात गेले असते. तू मला नको म्हणालास."

"हो."

"का म्हणालास?"

त्याच्याकडे उत्तर होतं. त्याला खात्री होती म्हणून. पण ते तोंडातून बाहेर येईना. ज्ञानदा उठून बॅग भरायला लागली. परेश तिला स्टेशनवर सोडायला निघाला, तर तिनं खालून रिक्षा केली.

विनया आणि तो त्याच घरात राहतात. ती त्याच्याशी नीट बोलते, त्याचा डबा भरते, कधीतरी हसतेही. आबांचा विषय निघाला की मात्र उठून दुसऱ्या खोलीत जाते. त्या वर्षी ज्ञानदा भाऊबीजेला आली नाही. परेशनं सकाळी मेसेज केला होता, कशी आहेस. संध्याकाळी उत्तर आलं, बरी आहे.